यादीतली द्वारका

पुंडलिकनगर,
८ डिसेंबर २०२४

बद्री,

तू माझा फोन ब्लॉक केलास म्हणून कागद घेतला. कागद ब्लॉक करायची सोय अजून तरी निघालेली नाही. फाडायची आहे, पण तू लहानपणी वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नव्हतास, तेव्हा हेही वाचशील. पोस्टानं पाठवतेय. स्वतः उल्कानगरीत आणून दिलं असतं, पण तुमच्या वॉचमनला तू माझा फोटो दाखवून ठेवला असशील अशी मला उगाच शंका येते.

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायला हवं होतं. तात्या असते तर त्यांनी लिहायला लावलंच असतं. सध्या जमत नाही, फार राग आहे.

मला कामावरून काढलं हे तुला माहीत आहे. त्यानंतर काय झालं ते माहीत नसावं असं धरून लिहिते. माहीत असून गप्प असशील तर हे सगळं वायाच आहे.

गारखेड्याच्या त्या शाळेच्या पाळणाघरात मी किती वर्षं काढली ते तू बघितलंस. हे गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात लागले होते. गोदूला तिथं घालायचा हट्टही माझाच. पोरगी दिवसभर आत्याच्या नजरेसमोर राहील, तुम्ही दोघं निवांत नोकऱ्या कराल, असा माझा हिशेब. दिवाळीची सुटी संपवून ती देवगावहून परत आली, त्याच आठवड्यात तिच्या पोटावर फोड दिसले. तुझ्या बायकोनं डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी 'चटके दिल्यासारख्या जखमा' असं लिहिलं आणि नियमाप्रमाणं वर कळवलं. इथवर कुणाचंही चुकलेलं नाही. माझी मुलगी असती तर मीही तेच केलं असतं. भावजयीवर माझा राग नाही, तिला तसं सांग.

मग गोदूला विचारलं, 'बाऊला कुणी हात लावला?' साडेतीन वर्षांची पोर ती. म्हणाली, 'आत्यानं.' खरंच बोलली. मी हात लावलाच होता, खोबरेल लावायला. त्याच्या पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन शाळेत पोचले, तर मॅडम फाटकातच उभ्या. माझी वर्गातली चप्पल, पाण्याची बाटली, स्वेटर, सगळं पिशवीत भरून त्यांनी माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, 'द्वारकाताई, आत येऊ नका, वरून सांगितलंय.' मी म्हटलं, 'काय झालं ते मला विचारा तरी.' तर म्हणाल्या, 'विचारायचं काम आमचं नाही.' आत माझ्या वर्गातला एक मुलगा माझ्या नावानं भोकाड पसरून रडत होता, तो आवाज फाटकापर्यंत येत होता. मी पिशवी घेऊन तशीच घरी आले आणि स्वच्छ भांडी पुन्हा घासायला काढली.

पोलिसांनी मात्र विचारलं. बालकल्याण समितीनंही बोलावलं, बसवलं, मी बोलले ते लिहून घेतलं. माझ्याविरुद्ध काही निघालं नाही. चारित्र्य पडताळणीचा दाखला काढला, तोही स्वच्छ आला. वाटलं, सुटले, आता दुसरीकडं काम बघू.

काम बघायला गेले तेव्हा कळलं की एक यादी आहे. सरकारी नव्हे. शहरातल्या बालवाड्या-पाळणाघरं चालवणाऱ्यांचं एक मंडळ आहे, त्यांची ती आपसातली. कुणाला ठेवायचं असलं की पोलिसांचा दाखला बघतात आणि मग फोनमध्ये ही यादी उघडतात. एका ठिकाणी बाईंनी मला चहा दिला, मुलांना झोपवायची माझी पद्धत विचारली, खूश झाल्या. मग फोनमध्ये पाहिलं आणि माझा चहा अर्धा असतानाच उठल्या. 'कळवते' म्हणाल्या. त्यांच्या शिपायानं मला बाहेर ती यादी दाखवली. 'द्वारकाबाई गाडेकर, मदतनीस, बालिकेस चटके.' माझ्या वर कडूबा व्हॅनवाला. खिडकीतून अंग बाहेर काढणाऱ्या पोराला त्यानं दंडाला धरून आत ओढलं होतं, त्याचं तिथं 'मुलांस मारहाण' झालंय. तो आता लोडिंग रिक्षा चालवतो.

मला एवढंच हवंय, बद्री. माझं नाव त्या यादीतून निघावं. मला दुसरं कुठलं काम येत नाही, आणि खरं सांगायचं तर आवडतही नाही. तू पोरीचा बाप आहेस. एकदा येऊन सांग की माझ्या बहिणीनं हे केलेलं नाही. ते कसं झालं हे मलाही माहीत नाही, पण मी केलं नाही हे तुला माहीत आहे.

तात्यांनी चार धामांपैकी दोन नावं आपल्या घरात आणली. दोन्ही धामं आज एका शहरात आहेत आणि एकमेकांची तोंडं बघत नाहीत.

ताई


२१ डिसेंबर

बद्री,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन आता मला घाबरतो. जिन्याखालूनच 'काही नाही हो मावशी' असं ओरडून पुढं जातो.

घरात बसवत नाही. सकाळी उठते, साडी नेसते, डबा भरते, आणि मग आठवतं की कुठं जायचं नाही. तरी बाहेर पडते. काल शाळेच्या रस्त्यानं चार वेळा फिरले. मग मनात आलं, कुणी पाहिलं तर म्हणेल, ही बाई मुलांवर पाळत ठेवून आहे. यादीत नाव असलेल्या बाईनं शाळेसमोरून चालायचंही नाही. तशीच उलटी फिरले, तेही इतक्या घाईनं की एका भाजीवाल्याच्या टोपलीला धडकले.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. कसं झालं ते मला माहीत आहे. तुलाही आहे.

तो बिब्बा आहे. गोदूचे कपडे बदलताना मी पाहिलं. बेंबीच्या डाव्या अंगाला तीन काळपट टिपके, भोवती लाली, आणि मधला फोड येऊन उतलेला. मी तिला मांडीवर घेऊन विचारलं, 'गावाला पोट दुखत होतं का गं?' ती म्हणाली, 'आजीनं चुक चुक केलं.' तुम्ही दोघं कन्नडला पाहुण्यांकडं गेला होतात आणि पोर मायजवळ होती, त्या दिवशीचं हे. फराळ जास्त झाला असेल, पोर रडली असेल, आणि मायनं आपलं नेहमीचं केलं. बिब्ब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की सुईच्या टोकानं पोटाला लावायचं. अर्ध्या देवगावची लेकरं मायच्या पुढ्यात अशीच आडवी झालेली आहेत.

असं काही दिसलं की वहीत लिहायचं आणि आईला लगेच फोन करायचा, हा पाळणाघराचा नियम. नव्या बायकांना तो मीच शिकवायची. पण गोदूच्या काजळावरून तुझ्या बायकोचं आणि मायचं आधीच वाजलं होतं. म्हटलं, खोबरेल लावू, बसून जाईल, घरात नवा तमाशा नको. बसलं नाही, पिकलं. पोलिसांनाही मी सांगितलं की घामोळं समजून तेल लावलं. या वयात माय ठाण्याच्या बाकड्यावर बसलेली माझ्यानं बघवली नसती.

माझं झालं. आता तुझं बोलू.

तुझ्या पोटावर बेंबीच्या डाव्या अंगाला तसेच तीन डाग आहेत. त्याच हातचे. विहिरीवर पोहायला उतरायचास तेव्हा सगळ्या पोरांनी पाहिलेत. बायकोला काय सांगितलंस त्याचं, कांजण्या? तू कंपनीत क्वालिटीला आहेस. पार्टवर केसाएवढा चरा असला तर माल परत पाठवतोस, असं तूच सांगतोस. डॉक्टरांनी गोदूचा फ्रॉक वर केला तेव्हा तू शेजारी उभा होतास. तुला ओळखू आलं नाही, असं मी मानायचं?

तू गप्प का बसलास हे मला कळतं. मायचं नाव घेतलं असतं तर बायको म्हणाली असती, तुमची असली माणसं. आपण कसल्या घरातून आलो ते तू तिच्यापासून झाकत आलास, आणि आता झाकायला बहीण सापडली. मीही मायसाठी गप्प बसले, पण मी माझं नाव घालवून बसले. तू माझं घालवून बसलास.

हे लिहून झाल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

ताई


९ जानेवारी २०२५

बद्री,

मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब यांचं क्रांती चौकाजवळ नळ आणि फरशांचं दुकान आहे. गेले काही दिवस मी तिथं जाऊन बसते. बाकडं आहे, पंखा आहे, गिऱ्हाईक नसलं की चहाही मिळतो. नानासाहेब पहिल्या दिवशी चिडले, दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं निघून गेले, आणि आता 'आल्या का बाई' म्हणतात. माणूस तसा वाईट नाही. गंगापूरकडचा आहे, आपल्यासारखाच शेतीतून आलेला.

काल मी त्यांना सरळ विचारलं, "साहेब, या यादीत नाव घालायला काय लागतं?"

"शाळेचा निरोप आला की घालतो."

"आणि काढायला?"

त्यांनी डोकं खाजवलं. "आजवर कुणी काढाय आलंच नाय, बाई."

"ज्याचं नाव घालता त्याला विचारता का?"

"आता काय सांगावं तुम्हाला. दिवस लई खराब आलेत. रोज पेपरात काय काय वाचतो. ही यादी लेकरांसाठी हाय. एखाद्यावर अन्याव झाला तं झाला, पर लेकरू वाचलं पायजे."

मी म्हटलं, "आणि खरं ज्यानं केलं तो मोकळाच राहिला, तर लेकरू कसं वाचलं, साहेब?"

ते काउंटरवरून उठले. एक गिऱ्हाईक शॉवरचा भाव विचारत होतं, त्याच्याकडं वळले. आणि बद्री, माझे शब्द मलाच टोचले. खरं कुणी केलं ते मी दडवून ठेवलंय, आणि वर याच माणसाला जाब विचारतेय. गावात आजही कुणाचं तरी लेकरू मायच्या पुढ्यात आडवं होत असेल. एखाद्याचा बिब्बा गोदूपेक्षा जास्त उतेल. मुलं सांभाळणारी म्हणून ज्या नावासाठी मी दुकानाचं बाकडं झिजवतेय, ते नाव मला शोभतं का, असा मला पहिल्यांदाच प्रश्न पडला.

निघताना नानासाहेब म्हणाले, "दोन फेब्रुवारीला आईतवार हाय. तुमची शाळा बंद आसंल, मंडळाला तिथंच बसवतो. तुमचं ऐकून घेऊ. पर एकट्या येऊ नका. त्या लेकराच्या घरचं कुणीतरी आणा. नुसतं तुमच्या तोंडाचं कोण मानणार?"

लेकराच्या घरचं म्हणजे तू. सकाळी अकराला ये. तुला काही मोठं बोलायचं नाही. बिब्बा आहे एवढं सांग, आणि त्यांनी विचारलंच तर शर्ट वर कर.

ताई


२४ जानेवारी

बद्री,

गावाला जाऊन आले.

नोकरी गेल्याचं मी मायला सांगितलेलंच नव्हतं. तिला वाटतं, थंडीमुळं तू गोदूला आणत नाहीस. मी गेले तेव्हा ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मला बघून म्हणाली, "सुट्टी हाय का गं?" मी हो म्हटलं. तुला पत्रातून इतकं ऐकवणारी मी, तिच्यासमोर नुसतं सूप पुढं ओढलं. शेंगा सोलत बसले. तिनं गोदूसाठी बाजरीच्या खारोड्या करून ठेवल्या आहेत, त्या दाखवल्या.

दुपारी शेजारच्या सरूबाईची सून लेकरू घेऊन आली. वर्षाचंही नसेल. पोट धरून रडत होतं. मायनं लगेच डबा काढला, बिब्बा सुईला टोचला, दिवा लावला. ते सगळं इतकं सवयीचं की मी नुसती बघत राहिले. सून लेकराचं झबलं वर करायला लागली तशी मी उठले आणि मायच्या हातातली सुई हिसकून घेतली. तेलाचा थेंब माझ्या मनगटावर पडला.

"काहून गं? येडी झाली का?" माय म्हणाली.

मी सुनेला म्हटलं, लेकराला दवाखान्यात ने, आत्ताच्या आत्ता. तिला वडापच्या जीपमध्ये बसवून आले आणि मग मायपुढं बसून सगळं सांगून टाकलं. गोदूचे फोड, डॉक्टर, पोलीस, फाटकातली पिशवी, यादी. तू गप्प बसलास तेही सांगितलं. ते सांगायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

मला वाटलं ती भांडेल. सगळ्या गावाला लावला, कुणाला काही झालं नाही, असं म्हणेल. तिनं एवढंच विचारलं, "लेकरू लई रडलं का?"

मी म्हटलं, "खूप. रोज पट्टी बदलताना रडायचं, असं कळलं."

तिनं दिवा विझवला. शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "मला कुणी सांगितलं काहून नाय? मी केलं आन मलाच ठावं नाय. तू दोन महिने तोंड झाकून बसली. त्यो बसला. मी काय इतकी परकी हाय व्हय?"

"माय, तुला पोलिसांत बोलावलं असतं."

"बोलवू दे की. पोलीस काय मला खाणार हायेत?"

दोन तारखेला ती येतेय. मी नको म्हणाले, दोनदा म्हणाले. तिनं पाहुण्यांच्या लग्नाला नेसायचं लुगडं बाहेर काढून ठेवलंय. तू आलास तर तिला तिथं बोलायची वेळ येणार नाही. म्हणून आता माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी ये.

मनगटावर माझ्याही फोड आलाय. खाजेनं जीव जातो. हे तिनं साडेतीन वर्षांच्या पोरीच्या पोटावर दिलं, हे आठवतं आणि मायचा राग येतो. मग तिच्या त्या खारोड्या आठवतात. मला एका जागी बसवत नाही, म्हणून हे पत्र ओट्याशी उभं राहून लिहितेय.

ताई


३ फेब्रुवारी

बद्री,

तू आला नाहीस. तुझ्याऐवजी तुझी बायको आली.

मी आणि माय फाटकात पोचलो तेव्हा ती आधीच उभी होती. मला म्हणाली, "ताई, तुमची पत्रं मी वाचली. यांनी कपाटात कपड्यांखाली ठेवली होती." पुढं म्हणाली, "शर्ट वर करायला मीच सांगितलं त्यांना." त्यापुढं तुमच्या घरात काय झालं ते मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. डोळे सुजलेले होते. मायच्या पाया मात्र ती पडली नाही, आणि मायनंही तशी वाट बघितली नाही.

मंडळाची माणसं बालवर्गात बसली होती. मोठ्या खुर्च्यांच्या खोलीला कुलूप, किल्ली शिपायाच्या घरी. म्हणून नानासाहेबांसकट सगळे लेकरांच्या लाल-पिवळ्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले. एरवी मी हसून लोळले असते.

माय खाली सतरंजीवर बसली. नानासाहेब म्हणाले, "बोला, आजीबाई." ती म्हणाली, "बिब्बा म्या लावला. हिनं नाय. हिला तं तवा ठावं बी नव्हतं. माझं नाव आवडाबाई, लिव्हा."

एक शिकलेल्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, "आजी, एवढ्या लहान मुलीला असं कुणी करतं का?" माय म्हणाली, "तुमच्या घरात कुणीच केलं नाय व्हय?" नानासाहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

मग तुझ्या बायकोनं डॉक्टरांचा कागद वाचला. हळू वाचला, मराठीत सांगत सांगत. कातडी किती जळली, पू किती दिवस होता, ताप किती चढला, पट्टी काढताना पोर कशी घट्ट डोळे मिटायची. मायला हे इतकं ठाऊक नव्हतं. ती ऐकता ऐकता पदराशी चाळा करायला लागली. शेवटी म्हणाली, "मला वाटलं, तिला बरं वाटंल." आणि मग, "आता नाय लावणार. कुणालाच नाय. बिब्ब्याचा डबा म्या सरकारी दवाखान्याच्या आशाताईच्या हातात दिऊन आले."

मग मी बोलले. आधी माझी चूक सांगितली, की वहीत लिहिलं नाही आणि पोलिसांपासूनही लपवलं. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती द्या. पण जे मी केलं नाही ते माझ्या नावापुढून काढा. आणि यापुढं नाव घालायच्या आधी त्या माणसाला बोलवा, समोर बसवा, विचारा. कडूबालाही बोलवा. लेकरांना जपायचं म्हणून माणसाला न विचारता मारायचं, हे मला पटत नाही. नानासाहेबांनी मान हलवली. शिकलेल्या बाईंनी नाही हलवली, पण लिहून घेतलं.

आज सकाळी आम्ही तिघी समितीकडंही गेलो. मी घामोळ्याची गोष्ट मागं घेतली, मायनं अंगठा दिला. त्यांनी तिला नीट समजावलं आणि मलाही चांगलं फैलावर घेतलं. मला ते बरंच वाटलं, समोर बसवून बोलले म्हणून.

ताई


१३ फेब्रुवारी

बद्री,

माझं नाव निघालं. नानासाहेबांनी फोनवर यादी दाखवली, कडूबाच्या खाली आता दुसरंच कुणीतरी आहे. कडूबाला पुढच्या महिन्यात बोलावलंय. जुन्या शाळेनं मला परत घेतलं नाही, पालक विचारतील म्हणाले. सातारा परिसरात एक नवं पाळणाघर निघालंय. तिथल्या बाईंना मी सगळं सांगितलं, वहीत न लिहिल्याचंही. म्हणाल्या, या सोमवारपासून. या वेळी चहा पूर्ण प्यायले.

तेव्हा माझ्यासाठी तुला लिहायचं आता कारण उरलेलं नाही. हे पत्र मायसाठी आहे.

परवा तिनं शेजारच्या फोनवरून तुला फोन केला होता. मी गावी तिच्याजवळच होते. तू म्हणालास, 'गोदू आता तुला कधीच दिसणार नाही,' आणि फोन ठेवलास. ती फोन कानाला तसाच धरून बसली, शेजारणीनं मागितला तेव्हा दिला. मी तिथंच तुला शिव्या घालायला लागले, तर मला म्हणाली, "गप. बापच हाय त्यो पोरीचा. त्याचं बरोबर हाय."

तुझं बरोबर असेलही. पोरीला परत मायपाशी एकटं ठेवू नका, हे मीसुद्धा सांगेन. पण 'कधीच नाही' हे तू फोनवर, तिला एक शब्द बोलू न देता ठरवलंस. माझ्या हातात फाटकात पिशवी दिली, तसंच. तुझी बायको, जिचा सगळ्यात जास्त हक्क होता, ती येऊन समोर बसली आणि मायचं ऐकून गेली. तू तेही केलं नाहीस. तुला माय दिसली की तुझ्याच पोटावरचे डाग दिसतात, आणि बायकोपासून ते लपवल्याची लाज वाटते, असं मला वाटतं. चुकत असेन तर तसं लिही. मी तुला न विचारता तुझ्याबद्दल ठरवतेय, एवढं मला कळतंय.

काल मी भावजयीशी बोलले. ती म्हणाली, "माझी ना नाही. पण मी समोर बसलेली असेन, आणि यांचं हो पाहिजे." ते मी मायला सांगितलं. मला वाटलं, ती खूश होऊन पिशवी भरायला घेईल. तिनं पिशवी घेतली नाही.

म्हणाली, "त्याला नगं इचारू. तिलाबी नगं. पोरीला इचारा. म्या सुई लावली तवा ती नगं नगं म्हनत व्हती. म्या ऐकलं नाय. आता भ्यायली आसंल मला. ती नगं म्हनली, तं म्या पायरी चढणार नाय."

ती नको म्हणत होती, हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मंडळातही नाही, समितीतही नाही. ते मला सांगून ती उठली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली.

येत्या रविवारी सकाळी मी तिला घेऊन तुझ्या इमारतीसमोरच्या पिंपळाखाली उभी राहीन. आम्ही वर येणार नाही, बेल वाजवणार नाही. तू गोदूला कडेवर घेऊन गॅलरीत ये. खाली आजी उभी आहे, हे तिला दाखव आणि विचार, भेटायचं का. ती काय म्हणेल ते तिला म्हणू दे. मध्ये तू बोलू नकोस, तिच्या आईलाही बोलू देऊ नकोस. नाही म्हणाली तर वरून नुसता हात कर, आम्ही दुपारच्या गाडीनं देवगावला जाऊ. माय मान खाली घालून चालेल, पण भांडणार नाही, एवढी तिची मी हमी देते.

ताई